जुनी कॉन्फिग फाइल वाचणं हे तुमचं काम आहे: सॉफ्टवेअर घडवणाऱ्या मंडळींना खुलं पत्र

सप्रेम नमस्कार.

तुमच्यापैकी कुणी हिंजवडीत कंपनीचं प्रॉडक्ट लिहीत असेल, कुणी नोकरी सांभाळून रात्री एखादं ओपन सोर्स टूल चालवत असेल. मी दुसऱ्या टोकाला आहे. तुम्ही रिलीज काढता आणि तो सर्व्हरवर चढवायचं काम माझ्यासारख्यांकडे येतं. सहकारी संस्था, छोटे कारखाने, तालुक्याच्या गावातलं रुग्णालय अशा ठिकाणी वेगळा आयटी विभाग नसतो. चालू आहे ते चालू राहावं एवढीच तिथल्या लोकांची अपेक्षा असते.

माझी मागणी एकच आहे. कॉन्फिग फाइलचा, म्हणजे प्रोग्रामच्या सेटिंग लिहिलेल्या फाइलचा, आराखडा बदललात तर जुनी फाइल वाचण्याची जबाबदारी तुमच्या कोडने घ्यावी, ती आमच्यावर ढकलू नये.

प्रोग्राम तुमचा असला तरी ती फाइल आमची असते. अपग्रेड झाला की तुमचा जुना कोड जातो आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही. फाइल मात्र तीच राहते. टाइमआउट तीसचा नव्वद का केला, अमुक प्रिंटरला वेगळा पोर्ट का दिला, रात्रीचं काम पहाटेवर का ढकललं, या गोष्टी कुठल्या दस्तऐवजात सापडत नाहीत. त्या ओळीशेजारच्या कॉमेंटमध्ये सापडतात, आणि ती कॉमेंट लिहिणारा बहुधा नोकरी सोडून गेलेला असतो. तुम्ही एका की-चं, म्हणजे एका सेटिंगचं, नाव बदलता तेव्हा तुमच्या रिपॉझिटरीत (कोडच्या साठ्यात) थोड्या ओळी हलतात. पण ती की ज्या ज्या फाइलीत आहे त्या प्रत्येक ठिकाणी कुणालातरी रिलीज नोट्स वाचाव्या लागतात, फाइल उघडावी लागते, बदल करून पाहावा लागतो आणि चुकलं तर रात्र जागावी लागते. एकदा तुम्ही लिहिलेला रूपांतराचा कोड हे सगळे कष्ट वाचवतो.

सगळ्यात जास्त नुकसान कशाने होतं ते सांगतो. एका दूध संघाच्या सर्व्हरवर हिशेबाचं एक सॉफ्टवेअर होतं. त्याच्या कॉन्फिगमध्ये बॅकअप कुठे ठेवायचा ती ओळ सगळ्यात वर, सुटी होती. नव्या रिलीजमध्ये तीच गोष्ट ‘स्टोरेज’ नावाच्या विभागाखाली, वेगळ्या नावाने गेली. अपग्रेड विनातक्रार झाला. सर्व्हिस सुरू झाली, स्टेटस हिरवं, लॉगमध्ये एक ओळही वेगळी नाही. नव्या पार्सरला, म्हणजे फाइल वाचणाऱ्या कोडला, जुनी की ओळखीची नव्हती म्हणून त्याने ती सोडून दिली. नवी की फाइलीत नव्हती म्हणून डीफॉल्ट, म्हणजे काही न लिहिल्यास लागू होणारं मूल्य, घेतलं, आणि डीफॉल्ट होतं प्रोग्रामच्याच इन्स्टॉल फोल्डरच्या आतलं. बॅकअप रोज होत होता, फक्त वेगळ्या डिस्कऐवजी तिथे. पुढच्या अपग्रेडमध्ये इन्स्टॉलरने ते फोल्डर पुसून नव्याने लिहिलं. नंतर डेटाबेस बिघडला तेव्हा हे सगळं उघडकीला आलं. संकलन केंद्रांवरच्या कागदी पावत्या गोळा करून नोंदी पुन्हा भराव्या लागल्या. दूध घालणाऱ्या शेतकऱ्यांची बिलं तेवढ्यासाठी अडकली.

यात कुठेही प्रोग्राम कोसळला नाही, आणि तेच घातक ठरलं. पहिल्याच दिवशी ‘ही की आता चालत नाही’ असं म्हणून तो सुरूच झाला नसता तर पाच मिनिटांत प्रश्न मिटला असता.

हे कसं करायचं याची चांगली उदाहरणं आहेत. ऑक्टोबर 2019 मध्ये पोस्टग्रेस या डेटाबेसची 12वी आवृत्ती आली. तोवर रिकव्हरीच्या आणि स्टँडबाय (मुख्य सर्व्हरची प्रत राखणाऱ्या) सर्व्हरच्या सेटिंग एका स्वतंत्र फाइलीत, रिकव्हरी डॉट कॉन्फमध्ये असायच्या. 12मध्ये त्या मुख्य कॉन्फिगमध्ये नेल्या. बदल मोठा होता, अनेकांच्या स्क्रिप्ट मोडल्या आणि लोकांनी कुरकुरही केली. पण त्यांनी एक गोष्ट फार विचाराने केली. जुनी फाइल डेटा डिरेक्टरीत सापडली तर सर्व्हर सुरूच होत नाही, आणि ही फाइल आता चालत नाही असं स्पष्ट सांगतो. ती फाइल गुपचूप दुर्लक्षित झाली असती तर स्टँडबाय म्हणून राहायला हवा असलेला सर्व्हर स्वतंत्र प्रायमरी (मुख्य सर्व्हर) म्हणून उठला असता, आणि एकाच डेटाच्या दोन वेगळ्या वाटा सुरू झाल्या असत्या. जुनी फाइल वाचणं खरोखर शक्य नसेल तर निदान एवढं तरी हवं.

दूरच्या सर्व्हरवर सुरक्षित लॉगिन करू देणारं ओपनएसएसएच त्याहून पुढे आहे. 2021च्या मार्चमध्ये, 8.5मध्ये त्यांनी एका लांबलचक सेटिंगचं नाव बदललं. लॉगिनच्या डिजिटल किल्ल्यांसाठी कोणते अल्गोरिदम स्वीकारायचे ते ठरवणारी ती ओळ आहे. जुनं नाव त्यांनी नव्याचं दुसरं नाव म्हणून चालू ठेवलं. ज्यांच्या फाइलीत जुनी ओळ होती त्यांना बोटही हलवावं लागलं नाही. पूर्ण निकामी झालेल्या काही जुन्या सेटिंग दिसल्या तर सर्व्हर ‘डेप्रिकेटेड’ (आता वापरू नये) म्हणून बजावतो आणि पुढे जातो. आणि कधीच नसलेली, म्हणजे टायपिंगमध्ये चुकलेली की दिसली तर सर्व्हर उठायलाच नकार देतो. या तीन गोष्टी वेगळ्या आहेत आणि त्यांना तीन वेगळी उत्तरं द्यायला हवीत. हे करायला पार्सरला आपल्या जुन्या नावांची आठवण ठेवावी लागते. एक छोटा तक्ता लागतो, बाकी काही नाही. शिवाय सर्व्हर न उठवता फक्त फाइल तपासायची सोय तिथे आहे, तशी एनजिनएक्स या वेब सर्व्हरमध्येही आहे. तुमच्या टूलमध्ये नसेल तर पुढच्या कुठल्याही फीचरच्या आधी ती द्या.

लिनक्सवर सर्व्हिस सुरू करणाऱ्या सिस्टिमडीचा मार्ग वेगळा आहे. अनोळखी की दिसली तर तो लॉगमध्ये इशारा लिहितो आणि युनिट (ती सर्व्हिस) चालू करतो. मशीन बूट होण्याशी गाठ असल्यामुळे तिथे हट्ट धरून चालत नाही, हे मला पटतं. ‘एक्स-’ने सुरू होणाऱ्या की मात्र तो जाणूनबुजून सोडतो, म्हणजे इतर टूलना आपली माहिती त्याच फाइलीत ठेवता येते. मुद्दा असा की इथेही निर्णय विचार करून घेतलेला आहे आणि लिहून ठेवलेला आहे. अनेक प्रॉडक्टमध्ये अनोळखी की सुटून जाते ती केवळ लायब्ररीचं डीफॉल्ट तसं आहे म्हणून. कुणी बसून ठरवलेलंच नसतं.

आता व्हर्जनच्या ओळीबद्दल.

पहिल्याच रिलीजमध्ये, फाइलीत दोनच की असल्या तरी, आराखड्याचं व्हर्जन सांगणारी एक ओळ घाला. नंतर घालू म्हणाल तर तोवर व्हर्जन नसलेल्या फाइली जगभर पसरलेल्या असतील आणि त्यांच्यातली कुठली कधीची हे अंदाजाने ओळखावं लागेल. मराठीत काम करणाऱ्यांनी याची किंमत चांगलीच मोजली आहे. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टांत टाइप केलेले मजकूर आजही ग्रामपंचायतींत, छापखान्यांत, संस्थांच्या कपाटांतल्या सीडींवर पडून आहेत. साध्या टेक्स्ट फाइलीत नुसते बाइट आहेत. ते कुठल्या फॉन्टाच्या मांडणीने वाचायचे हे फाइल स्वतः सांगत नाही. फॉन्टाचं नाव कुणाला आठवलं तर कन्व्हर्टर चालवता येतो, नाहीतर एकेक मांडणी लावून बघत बसायचं.

हे व्हर्जन साधा पूर्णांक असू द्या: 1, 2, 3. प्रॉडक्टच्या व्हर्जनशी ते जोडू नका, कारण प्रॉडक्टचे दहा रिलीज झाले तरी आराखडा तोच राहू शकतो. आणि दशांश चिन्ह तर नकोच. यॅमल या कॉन्फिग लिहिण्याच्या पद्धतीत अवतरणाशिवाय 3.10 लिहिलं की ती संख्या समजली जाते आणि 3.1 होऊन बसते. 2021मध्ये पायथॉनची 3.10 आवृत्ती आली तेव्हा गिटहब ॲक्शन्सच्या (कोड आपोआप तपासणाऱ्या सेवेच्या) फाइलींमध्ये लोकांना हाच फटका बसला. यॅमलचं तर स्वतःचंच व्हर्जनचं दुखणं आहे. 1.1च्या नियमांप्रमाणे 22:22 हा साठच्या पटीतला आकडा ठरतो आणि 1342 होतो. म्हणून डॉकर कंपोज (अनेक कंटेनर, म्हणजे बंदिस्त पॅकेजमधले प्रोग्राम, एकत्र चालवणारं टूल) याच्या दस्तऐवजात पोर्टच्या जोड्या अवतरणात लिहा असं सांगावं लागलं. 2009च्या 1.2 आवृत्तीने हा नियम काढला, पण 1.1प्रमाणे वाचणारे पार्सर आजही सर्रास वापरात आहेत. फाइलीच्या डोक्यावर कुठलं यॅमल ते लिहायची सोय आहे, पण ती ओळ लिहिलेली फाइल माझ्या पाहण्यात क्वचितच येते.

नुसती ओळ असून भागत नाही, तिचा अर्थ टिकवावा लागतो. डॉकर कंपोजचीच गोष्ट घ्या. तिथे फाइलीच्या माथ्यावर व्हर्जन लिहायची पद्धत होती. 2 नंतर 3 आलं, आणि 3 म्हणजे 2ची सुधारलेली आवृत्ती असा सगळ्यांचा सहज समज झाला. प्रत्यक्षात 3 हे डॉकर स्वॉर्म (अनेक मशीनवर कंटेनर चालवण्याची सोय) डोळ्यांसमोर ठेवून आखलेलं होतं. आधीची सर्व्हिस निरोगी झाल्यावरच पुढची सुरू कर, ही अट 2मध्ये लिहिता येत होती, 3मध्ये ती काढली. मेमरीची मर्यादा वेगळ्या विभागात गेली, आणि स्वॉर्म न वापरता नेहमीच्या पद्धतीने कंटेनर उठवले तर ती मर्यादा लागूच होत नसे. आकडा वाढवून कमी मिळत होतं. पुढे कंपोज स्पेसिफिकेशनमध्ये दोन्ही शाखा एकत्र आणल्या, ती अट परत आली, आणि आज व्हर्जनची ओळ लिहिली तर ही ओळ कालबाह्य आहे, काढून टाका, असा इशारा येतो. एकत्र आणण्याचा निर्णय चांगलाच झाला. पण मधल्या काळात लिहिलेल्या असंख्य फाइलींमध्ये तो आकडा आहे, आणि तो नेमकं काय सांगतो हे नव्याने शिकणाऱ्या मुलाला समजावणं फार अवघड जातं.

उलट गो या प्रोग्रामिंग भाषेत मॉड्यूलच्या (कोडच्या एका गठ्ठ्याच्या) फाइलीतली एक छोटी ओळ किती काम करते पाहा. फेब्रुवारी 2024च्या 1.22 आवृत्तीत लूपमधल्या व्हेरिएबलची वागणूक बदलली. तोवर एकच व्हेरिएबल सगळ्या फेऱ्यांत वापरलं जायचं आणि त्यातून वर्षानुवर्षं बग निघत होते. बदल हवाच होता, पण जुना कोड त्या वागणुकीवर विसंबून असू शकतो. म्हणून नवी वागणूक त्याच मॉड्यूलना लागू केली ज्यांच्या फाइलीत 1.22 किंवा पुढचं व्हर्जन लिहिलेलं आहे. कंपायलर नवा, पण जुन्या फाइलीचा शब्द पाळला जातो. व्हर्जनच्या ओळीचं खरं काम मी हे मानतो: ही फाइल लिहिणाऱ्याने कुठली वागणूक गृहीत धरली होती, ते सांगणं. डीफॉल्ट बदलतानाही हाच विचार करा. फाइलीत जे लिहिलेलं नाही तेही आमच्या व्यवस्थेचा भाग असतं. सुरक्षेसाठी डीफॉल्ट बदलावं लागलं तर जरूर बदला, पण जोरात सांगा.

रूपांतराच्या कोडबद्दल तुमची एक भीती मी ऐकत आलो आहे: पाच जुन्या आवृत्त्या वाचायच्या म्हणजे प्रोग्रामभर ‘व्हर्जन दोन असेल तर असं, तीन असेल तर तसं’ पसरेल. तसं केलंत तर पसरेलच. पण उरलेल्या प्रोग्रामला फक्त नवा आराखडा कळू द्या. दाराशी एक साखळी ठेवा: एकवरून दोनवर नेणारं फंक्शन, दोनवरून तीनवर नेणारं, तीनवरून चारवर. फाइल ज्या पायरीची असेल तिथून साखळीत शिरते आणि चालू आराखड्यात बाहेर पडते. प्रत्येक फंक्शन छोटं असतं, एकदा लिहून टेस्ट केलं की त्याला पुन्हा हात लावायचा नाही.

अनेक मशीनवरचे कंटेनर सांभाळणाऱ्या कुबरनेटीसमध्ये याचं कडक रूप दिसतं. प्रत्येक यॅमलमध्ये एपीआय-व्हर्जन (ती कुठल्या आराखड्याप्रमाणे वाचायची ते) लिहावंच लागतं, आणि एकाच रिलीजमधल्या दोन आवृत्त्यांमध्ये एखादी वस्तू नेऊन परत आणली तर काहीही हरवता कामा नये असा त्यांचा लिखित नियम आहे. स्थिर ठरलेली आवृत्ती मुख्य व्हर्जन बदलल्याशिवाय काढायची नाही हाही नियमच आहे. तरीही ऑगस्ट 2021मध्ये 1.22 आलं तेव्हा इन्ग्रेसच्या (बाहेरची विनंती योग्य सर्व्हिसकडे नेणाऱ्या भागाच्या) बीटा, म्हणजे अजून पक्क्या न ठरलेल्या, आवृत्त्या काढल्यामुळे अनेकांची धावपळ उडाली. सर्व्हिसचं नाव आणि पोर्ट लिहायची जागा बदलली होती, पाथचा प्रकार सांगणं सक्तीचं झालं होतं. नियम मोडला नव्हता. नवी आवृत्ती वर्षभर आधी, 1.19मध्ये आलेली होती. अडचण अशी की इन्ग्रेस इतकी वर्षं बीटात राहिलं की सगळ्यांनी ते पक्कं धरलं. प्रॉडक्शनमध्ये वर्षानुवर्षं चालणाऱ्या गोष्टीवर बीटाची पाटी ठेवून जबाबदारी टळत नाही. त्यांनीही पुढे हे ओळखलं, आणि 1.24पासून नव्या बीटा एपीआय आपोआप चालू होत नाहीत.

इथे शिकणाऱ्यांचीही आठवण ठेवा. जळगाव-सांगलीकडचा एखादा विद्यार्थी जुन्या व्हिडिओवरून इन्ग्रेसचं उदाहरण टाइप करतो, ते चालत नाही, आणि आपलंच काहीतरी चुकलं असं त्याला वाटतं. एररच्या संदेशात ‘ही जुनी पद्धत आहे, आता अशी लिहा’ एवढं वाक्य असलं तर तो पुढे जातो. नसलं तर अनेकजण तिथेच थांबतात. ही मुलं मी पाहिली आहेत.

उलट्या दिशेचाही विचार हवा. अपग्रेड फसला की आम्ही रोलबॅक करतो, जुनी आवृत्ती परत आणतो, म्हणजे जुन्या प्रोग्रामसमोर नवी फाइल येते. कोडच्या बदलांचा इतिहास ठेवणारं गिट याबाबतीत अनुकरण करण्याजोगं आहे. प्रत्येक रिपॉझिटरीच्या कॉन्फिगमध्ये फॉरमॅटचा आकडा असतो, आणि आपल्याला कळतो त्यापेक्षा मोठा आकडा दिसला तर गिट काम करायला नकार देतं. आकडा 1 असेल आणि एक्स्टेन्शनच्या यादीत अनोळखी नाव दिसलं तरीही नकार. एसएचए-256 (नोंदी ओळखण्याची नवी पद्धत) वापरणाऱ्या रिपॉझिटरीला जुन्या गिटने हात लावून नासधूस करू नये, याची तजवीज त्यातूनच झाली. फायरफॉक्सनेही 2019मध्ये, 67व्या आवृत्तीपासून, नव्या आवृत्तीचं प्रोफाइल जुन्या आवृत्तीत सरसकट उघडू देणं बंद केलं. जावास्क्रिप्टची पॅकेजेस बसवणाऱ्या एनपीएमने 7मध्ये लॉक फाइलचा (कुठल्या पॅकेजची कुठली आवृत्ती ते नोंदवणाऱ्या फाइलचा) आराखडा बदलला तेव्हा जुना विभाग नव्याच्या शेजारी ठेवला, म्हणजे टीममध्ये कुणी अजून एनपीएम 6वर असेल तर त्याचंही काम अडू नये. फाइल मोठी झाली, पण टीमना सवडीने सरकता आलं.

आणि कळकळीची विनंती: आमची फाइल आम्हाला न विचारता पुन्हा लिहू नका. रूपांतर मेमरीत करा. फाइलीवर लिहायचंच असेल तर त्यासाठी वेगळी कमांड द्या, काय बदलणार ते आधी दाखवा, मूळ प्रत शेजारी ठेवा. बहुतेक लायब्रऱ्या यॅमल किंवा तशीच टॉमल फाइल वाचून परत लिहिताना कॉमेंट टाकून देतात आणि क्रम बदलतात. वर ज्या ज्ञानाबद्दल लिहिलं ते अशा एका सेव्हमध्ये पुसलं जातं. शिवाय अनेक ठिकाणी ती फाइल ॲन्सिबलसारख्या, अनेक सर्व्हरवर सेटिंग पोचवणाऱ्या, टूलमधून येते. तुम्ही ती बदलली तर पुढच्या फेरीत जुनी परत येते आणि तुमचा प्रोग्राम पुन्हा बदलतो.

सगळं जन्मभर ओढत राहा असं मी म्हणत नाही. जुना कोड सांभाळायला खर्च येतो, त्यात सुरक्षेच्या फटी राहतात, आणि ओपन सोर्सवाल्यांना त्याचे पैसेही कुणी देत नाही. निवृत्त करा, पण रीतसर. कोडपासून प्रोग्राम बांधायला मदत करणाऱ्या सीमेकने 2023मध्ये, 3.27 पासून, 3.5च्या आधीचं व्हर्जन मागणाऱ्या प्रोजेक्टना इशारा द्यायला सुरुवात केली आणि मार्च 2025च्या 4.0मध्ये ती सुसंगतता काढली. कित्येक जुने प्रोजेक्ट मोडले, पण प्रोजेक्टच्या फाइलीला हात न लावता बाहेरून किमान व्हर्जन कळवायचा पर्याय त्यांनी सोबत दिला, म्हणून ज्याचा मूळ लेखक आता सापडतही नाही असा प्रोजेक्टही बांधता येतो. आधी बरेच दिवस इशारा, मग नकार, आणि नकारासोबत एक वाट. इशाऱ्यात की-चं जुनं नाव, नवं नाव, फाइलीतला ओळ क्रमांक आणि कुठल्या रिलीजमध्ये ती जाणार, एवढं असावं. ‘काही सेटिंग कालबाह्य आहेत’ असा इशारा आला तर आम्ही शोधायचं तरी काय?

टेस्टचं एक फोल्डर करा आणि त्यात तुमच्या प्रत्येक जुन्या आवृत्तीसाठी लिहिलेल्या फाइली ठेवा. स्वतः बनवलेल्या नीटनेटक्या फाइलींवर भागवू नका. लोकांच्या खऱ्या फाइली मागून घ्या, उलटसुलट क्रमाच्या, अर्ध्या ओळी कॉमेंट केलेल्या, विंडोजच्या नोटपॅडमध्ये सेव्ह झालेल्या. प्रत्येक रिलीजआधी नवा प्रोग्राम त्या सगळ्या वाचतो का आणि त्यातून तीच मूल्यं निघतात का, ते तपासा. तुमच्याकडे अशा फाइली नसतील तर मागा. संस्थेची परवानगी घेऊन, पासवर्ड आणि पत्ते काढून, मी माझ्याकडच्या देईन, आणि हे काम करणारे माझे बरेच मित्रही देतील.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटर